उस्मानभाईचं वाकडं हँडल

एरंडेल म्हटलं की लोकांना लहानपणी नाक दाबून पाजलेला चमचा आठवतो. मला तो वास आला की एक वाकडं हँडल आठवतं. मागच्या महिन्यात सुनेनं नातीसाठी काजळ धरायला एरंडेलाचा दिवा लावला आणि त्यावर तांब्याची ताटली पालथी धरली. मी सोप्यात पेपर वाचत होतो. वास आला आणि पेपर हातात तसाच राहिला. सून म्हणाली, “मामा, काय होतंय? पाणी देऊ का?” पाणी प्यायलो आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं, पण वाचलं काहीच नाही.

ज्यांचा ह्या कामाशी संबंध आला नाही त्यांना सांगतो. जुन्या शर्यतीच्या मोटरसायकलींत आम्ही साधं ऑइल घालत नव्हतो. इंजिन फार तापलं की ते पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि लोखंड लोखंडाला खायचं. एरंडेल तापलं तरी धातूला धरून राहतं. जळताना त्याचा गोडसर, उग्र वास येतो आणि तो कपड्यांतनं दिवसच्या दिवस जात नाही. माझी बायको गिरजा म्हणायची, “मानूस घरात आलंय का तेलाचा घाणा, तेच कळंना.” सोलापुरात एरंडेलाला तोटा नव्हता. शेतकरी बैलगाडीच्या आसाला लावायचे तेच तेल मी फडक्याच्या चार पदरांतनं गाळून विलायती इंजिनाला पाजत होतो.

मी सिद्राम. एका कापड गिरणीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. ते पोटासाठी. मन मात्र घरामागच्या परसात, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं पायानं चालवायचा एक जुना लेथ होता. शिवणयंत्रासारखे पाय मारायचे आणि हातानं पोलाद कातायचं. एक ऐरण, एक भाता, वेल्डिंगचं सामान आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं, एवढाच कारखाना. सत्तरच्या दशकात मी तिथं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या विलायती गाड्या शर्यतीसाठी बांधून देत होतो. घरात थोरल्यांशी कानडी, गल्लीत तेलुगू, गिरजाशी आणि गिरणीत मराठी आणि गाडीवाल्यांशी दखनी हिंदी, अशा चार भाषांत माझी भांडणं चालायची.

लोकांना वाटतं, शर्यतीची गाडी म्हणजे काहीतरी जास्तीचं बसवलेली गाडी. तसं नसतं. ती काढून काढून होते. दिवा काढा, मागची सीट काढा, स्टँड काढा, जिथं जिथं लोखंड आळशी बसलंय तिथं भोकं पाडून त्याचं वजन कमी करा. मग इंजिनाच्या आतल्या वाटा घासूनपुसून अशा गुळगुळीत करा की हवा कुठं अडखळायला नको. सुटे भाग विलायतेहून यायची सोय नव्हती, त्यामुळे जे मोडेल ते आपणच घडवायचं. ट्रकचे मोडके पिस्टन मुशीत वितळवून मी वाळूच्या साच्यात नवा पिस्टन ओतायचो आणि मग लेथवर मापाला आणायचो. परसात भट्टी पेटली की गिरजा म्हणायची, “माझ्या चुलीपरास तुमची चूल मोठी. आता हितंच भाकऱ्या थापते की.”

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. करमाळ्याकडचे एक बागायतदार आले आणि म्हणाले, “मिस्त्री, पळायचं ऱ्हाऊ द्या वो, आवाज तेवढा लई मोटा काडा. गावात शिरलो की कळलं पायजे.” मी काढला. पुढल्या महिन्यात मान खाली घालून परत आले. पहिल्याच दिवशी बाजारात बैल बुजले होते, आणि त्यांच्या आईनं बजावलं होतं, ‘घरात एक तर ती गाडी ऱ्हाईल न्हायतर मी.’ श्रीपूरला साखर कारखान्यावर ऊसवाहतुकीचा एक मुकादम होता. त्याला दुसऱ्या एका मुकादमाला मागं टाकायचं होतं, बस, आयुष्यात दुसरी इच्छा नव्हती. त्याची गाडी मी जीव लावून बांधली. तो हात गळ्यात अडकवूनच भेटायला आला आणि वर कौतुकानं म्हणाला, “गाडी लई पळती बगा. थांबत तेवढी न्हाय.” थांबायचंही आहे हे त्यानं मला आधी सांगितलंच नव्हतं की.

पण ही गिऱ्हाइकं हसण्यावारी गेली. ज्याच्यासाठी अजून जीव तुटतो तो गिऱ्हाईक म्हणून आला आणि कोण म्हणून गेला ते मला नीट सांगताही येत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा गड्डा. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत मैदानावर भरणारा बाजार, पाळणे, खेळ, सगळं. जत्रा उठत होती, तंबू उतरत होते, आणि दुपारच्या वेळी एक हातगाडी आमच्या दारात थांबली. तिच्यावर दोरखंडानं बांधलेली मोटरसायकल आणि तिला एका हातानं धरून चालत आलेला वाळक्या अंगाचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. मी त्याला लगेच ओळखलं. मौत का कुआँमधला उस्मानभाई. ती लाकडी फळ्यांची उभी गोल विहीर ज्यांनी बघितली नसेल त्यांनी एवढंच समजावं, की माणूस मोटरसायकल घेऊन तळाला गोल फिरायला लागतो, वेग धरतो, आणि बघता बघता भिंतीवर चढून आडवा होऊन पळत राहतो. लोक वरच्या काठावर उभे राहून खाली बघतात. मी लहान असल्यापासून नाही, पण मिसरूड फुटल्यापासून दर जत्रेत त्याला बघत होतो.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “मै पूरी जिंदगी गोल घुम्या. एक बार सीधा जाना हय मेरकु.”

मला वाटलं, चहा पाजून वाटेला लावावं. पण गाडीवरचं पोतं काढलं आणि माझंच बोलणं बंद झालं. ती मूळची शर्यतीचीच गाडी होती. एकाच सिलिंडरची, लांब टाकीची, बारीक कमरेची. कुणा संस्थानिकानं हौसेनं विलायतेहून मागवलेली. राज्य गेलं, गाडी लिलावात गेली, हातोहात फिरत शेवटी विहिरीत पडली. खेळाच्या मालकानं आता नव्या गाड्या घेतल्या होत्या आणि ही भंगारात निघाली होती. उस्मानभाईनं बक्षीस म्हणून ती मागून घेतली.

त्यालाही मालकानं तसंच काढलं होतं, हे त्यानं चहा पिताना सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. “कुएँ में दूर का देखना कायकु?” तो म्हणाला. “फळी के आगे क्या, फळीच.” त्यामुळे बरीच वर्षं कुणाला कळलं नव्हतं. आता डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. कानडी मुलखात, अक्कलकोटच्याही बरंच पलीकडे, महायुद्धाच्या काळातली, विमानांची एक ओसाड धावपट्टी होती. तिथं पावसाळ्याआधी हौशी लोक शर्यत लावायचे. ती शर्यत होईपर्यंत त्यानं ऑपरेशन पुढं ढकललं होतं. नंतर नजर किती राहील कुणी सांगावं? म्हणजे सरळ जायचं तर ह्याच वेळी, नाहीतर कधीच नाही.

मी गाडी ठेवून घेतली. मला नाही म्हणता आलंच नसतं.

तो विजापूर वेशीत बहिणीकडे राहायला आला आणि रोज संध्याकाळी गिरणी सुटायच्या वेळेला आमच्या परसात येऊन पालथ्या घमेल्यावर बसायचा. मी काम करायचो, तो धरायला सांगितलेलं धरायचा आणि बोलायचा. विहिरीच्या गोष्टी त्याच्याकडे न संपणाऱ्या होत्या. एकदा मी विचारलं, भिंतीवर आडवं असताना कसं वाटतं. त्यानं दोन्ही हात हवेत हँडलासारखे धरले आणि म्हणाला, “ये दायाँ हात आसमान. ये बायाँ हात जमीन. दायें कु दबाके रखना पडता, नई तो जमीन खेंच लेती.” हे मी ऐकलं आणि पान्याकडे वळलो. तेव्हाच नीट ऐकायला पाहिजे होतं.

गाडीचं काय काय झालं होतं ते सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. विहिरीत माणसाचं आणि गाडीचं वजन भिंतीवर कितीतरी पटींनी दाबलं जातं. स्प्रिंगा बसल्या होत्या, आरे ढिले होते, सांगाड्याला सांध्यांत केसाएवढ्या भेगा होत्या. मी एकेक सांधा पुन्हा जोडला. पिस्टन दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला. आणि पुढचा चिमटा, म्हणजे ज्यात पुढचं चाक बसतं तो, हँडलासकट एका बाजूला पिळला गेला होता. ते बघून माझ्यातला फिटर कळवळला. मी तो गरम करून, ठोकून, माप लावून ताठ केला. हँडल नवं वाकवून दोन्ही बाजूंनी अगदी सारखं केलं.

सरळ झालं का हे बघायची माझी रीत खास सोलापुरी होती. शेजारी माग होते. त्यांच्याकडनं ताण्याचा सुती दोरा आणायचा आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ओढून बांधायचा. दोरा चारही ठिकाणी सारखा टेकला की गाडी सरळ. पोलादाची पट्टी खोटं बोलेल, ताणलेला दोरा बोलत नाही. उस्मानभाईच्या गाडीला दोरा असा टेकला की मीच स्वतःवर खूष झालो.

पहिली चाचणी विजापूर रस्त्यावर, सकाळी, रहदारी सुरू व्हायच्या आत. मी ढकललं, त्यानं क्लच सोडला आणि इंजिन बोललं. इतक्या वर्षांनी मोकळ्या हवेत त्या गाडीचा आवाज निघाला असेल. गाडी सुटली, एरंडेलाचा धूर मागं राहिला, आणि बघतो तर काय, ती उजवीकडे सरकायला लागली. सरकत सरकत रस्ता ओलांडला आणि सरळ करडईच्या रानात शिरली. करडईचे काटे ज्यांनी खाल्लेत त्यांना पुढचं सांगायला नको. त्याला बाहेर काढायला मीही आत शिरलो, आणि मग आम्ही दोघं रस्त्याकडेला बसून एकमेकांचे काटे काढत होतो आणि तो बिचारा मलाच समजावत होता, “कुछ नई मिस्त्री, थोडी खेंचतीय.”

मी पुन्हा दोरा लावला. सरळ. चाकं काढून आरे तपासले. सरळ. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा उजवीकडे. रानाच्या मालकानं आता आम्हाला ओळखायला सुरुवात केली होती. मी रात्रंदिवस त्याच विचारात. गिरणीत हातातलं काम बिघडवायला लागलो. शर्यत जवळ येत होती आणि उस्मानभाईला चहाच्या कपाची कड चाचपावी लागत होती. हे मला दिसत होतं.

एक दिवस तो शेडमध्ये गाडीवर बसला होता, मी खाली पडून दोरा बघत होतो, आणि गिरजा वाळत घातलेले कपडे काढत होती. तिनं मागून बघितलं आणि म्हणाली, “अवो, मशीन सरळच हाय की. बसणारं मानूस वाकडं हाय.”

उस्मानभाई मोठ्यानं हसला. मी उठून तिच्या शेजारी उभा राहिलो. मग छपराला ओळंबा टांगला आणि त्याच्या पाठीमागनं बघितलं. गिरजाचं खरं होतं. कंबर उजवीकडे कललेली. मान उजवीकडे वर उचललेली. दोन्ही हात उजव्या अंगाला दाबून. त्याला मी म्हणालो, सरळ बसा. तो म्हणाला, “सीधाच तो बैठ्या.” त्याच्या अंगाला तेच सरळ होतं. आयुष्यभर आकाश उजव्या हाताला ठेवून जगलेला माणूस, त्याचं हाडन् हाड तसं बसलं होतं. आणि तो पिळलेला चिमटा? तो मोडलेला नव्हताच. उस्मानभाईच्या हातांनी इतक्या वर्षांत तो आपल्या मापाला आणला होता, आणि मी मोठ्या अभिमानानं त्याचं माप पुसून टाकलं होतं.

आता काय करायचं ते उघड होतं, पण माझा हात धजेना. फिटरच्या हाताला एकच शिकवण असते, वाकडं दिसलं की सरळ करायचं. सरळ केलेलं मुद्दाम वाकडं करायचं म्हणजे मला स्वतःच्या हातानं स्वतःचं काम खोटं पाडल्यासारखं वाटत होतं. दोन दिवस मी शेडमध्ये गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी गिरजा म्हणाली, “माझ्या बापाचा एक खांदा पडका हुता. शिंपी त्याची बंडी तशीच शिवायचा. त्या शिंप्याला कुनी अडाणी म्हनलं न्हाय.” मी उठून भट्टी पेटवली.

उस्मानभाईला गाडीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणालो, हात जिथं आपोआप येतील तिथं ठेवा. तिथं खडूनं खुणा केल्या. त्या खुणांवर हँडल वाकवलं. उजवी बाजू आखूड आणि मागं, डावी लांब आणि पुढं. सीट बोटभर डावीकडे सरकवली, उजवा पायठेवा खाली घेतला. चिमटा हँडलाशी पुन्हा किंचित पिळून बांधला. तयार झालेली गाडी बघून कुठल्याही मिस्त्रीनं कपाळाला हात लावला असता. माझ्या आयुष्यात इतकं काटेकोर मापाचं काम मी दुसरं केलं नाही.

विजापूर रस्त्यावर पुन्हा उभे राहिलो. करडई कापून झाली होती, रान मोकळं होतं. तो सुटला. गाडी रस्त्याच्या मधोमध, जराही इकडं तिकडं न होता, लहान लहान होत गेली. परत आला तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं आणि टाकीवरनं हात फिरवला. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. वाऱ्यानं असेल म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही भाड्याच्या टेम्पोत गाडी घालून गेलो. पुण्याचे, बेळगावचे, हैद्राबादचे गाडीवाले आले होते, तरुण, चामडी जाकिटातले. आमची वाकडी गाडी आणि मेंदीची दाढी बघून त्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. शर्यत सोपी होती. धावपट्टीच्या लांबच्या टोकाला तेलाचं रिकामं पिंप उभं केलेलं, त्याला वळसा घालून परत यायचं, असे काही फेरे. पिंपाच्या पलीकडे धावपट्टी संपायची आणि एक कच्चा रस्ता माळावरनं पुढं जायचा. खोटं कशाला बोलू, मला जिंकायचं होतं. गिरणीतल्या लोकांना, गल्लीतल्या लोकांना, बैल बुजवणाऱ्या त्या बागायतदाराला, सगळ्यांना सांगायचं होतं की ही गाडी सिद्राम मिस्त्रीनं परसात बांधली. त्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

निशाण पडलं. गाड्या सुटल्या आणि धुळीनं सगळं झाकून गेलं. आता गाडी बांधणारा माणूस शर्यत डोळ्यांनी बघत नाही, कानांनी बघतो. दहा गाड्यांत मला माझं इंजिन वेगळं ऐकू येत होतं. ते पुढं होतं, सगळ्यांच्या पुढं होतं. आता वळण येणार. वळणाच्या आधी चालवणारा मूठ सोडतो आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली पडतो. मागच्या गाड्यांचे आवाज एकेक करून पडले. मी माझ्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो पडला नाही. तो तसाच चढा, भरलेला, लांब लांब जात राहिला. मग बारीक झाला. मग दोऱ्याएवढा झाला. मग ऐकू येतोय की मलाच भास होतोय ते कळेना, आणि मग तेही राहिलं नाही.

पुण्याची गाडी पहिली परतली. लोक हसत होते. म्हाताऱ्याला पिंप दिसलं नाही म्हणून कुणी हळहळत होते. मला मोतीबिंदू आठवला. मी कुणाची तरी गाडी मागून घेतली आणि पिंपापलीकडच्या रस्त्याला लागलो. माळावर एक मेंढपाळ उभा होता. त्याला कानडीत विचारलं, इकडं एक म्हातारा गेला का गाडीवर? त्यानं काठीनं दूर दाखवलं आणि म्हणाला, “आ मुदुक? नेट्टग होद नोडरी.” म्हणजे, तो म्हातारा ना, सरळ गेला बघा.

बऱ्याच पुढं एका बाभळीखाली तो बसला होता. गाडी झाडाला टेकवलेली, टाकी कोरडी. अंगावर धूळ, दाढी पांढरीफट. धडधाकट होता. तो सुखरूप आहे म्हटल्यावर माझी भीती गेली आणि टाळक्यात तिडीक उठली.

“पीपा दिस्या नई क्या?” मी ओरडलो.

“दिस्या ना. साफ दिस्या.”

“मग? पुढं होतास तू. पहिला होतास.”

तो माझ्याकडे बघत होता, की माझ्या बाजूला बघत होता, आता त्याच्या नजरेचं सांगता येत नसे. म्हणाला, “मिस्त्री, पीपे कने आया तो हात अपने आप मुडनेकु लगे. पूरी उमर मुड्या ना मै. फिर आगे देख्या तो रस्ता था. मै हाताँ कु बोल्या, नको.”

मी त्याच्या शेजारी बसलो. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. वारा होता, गाडीचं इंजिन थंड होताना टिक टिक वाजत होतं, आणि एरंडेलाचा वास दोघांच्या मधे होता. तो जिंकला असता तर एक कप मिळाला असता, तो आज कुठल्या तरी फडताळात काळा पडला असता. तरी त्या वेळी मला रडू आलं. जिंकलो नाही म्हणून आलं की तो सरळ गेला म्हणून आलं, ते मी आजही सांगू शकत नाही.

उसन्या गाडीतलं थोडं पेट्रोल नळीनं ओढून त्याच्या टाकीत घातलं. तो उठला, गाडी माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, “तू बनाया. एक बार तू बी जा. रस्ता खाली हय.”

मी त्या हँडलाकडे बघितलं. ते त्याच्या मापाचं होतं. मी बसलो असतो तर डावीकडच्या ओढ्यात गेलो असतो. मी म्हणालो, “पुढल्या वर्षी. माझ्या मापाची बांधतो एक.” तो हसला, आणि हळूहळू पुढं निघाला. मी मागून येत होतो. धुळीत त्याच्या चाकांची रेघ उमटत होती, ताण्याच्या दोऱ्यासारखी, आणि मी तिच्यावरनं नजर काढू शकत नव्हतो.

त्याचं ऑपरेशन झालं. एक डोळा वाचला, दुसरा नाही. काही वर्षं तो गड्ड्यात विहिरीच्या दाराशी उभा राहून लोकांना आत बोलवायचा. मला बघितलं की हात दोन्ही हवेत धरायचा, वाकडे. मग एका जत्रेत तो दिसला नाही. त्याच्या माघारी बहिणीनं गाडी मुंबईच्या एका हौशी माणसाला दिली. तो गृहस्थ चांगला होता, फक्त म्हणाला की हे हँडल वाकलंय, सरळ करून द्या. मी सरळ नवं करून दिलं आणि वाकडं ठेवून घेतलं.

माझ्या मापाची गाडी मी बांधली नाही. दुसऱ्यांच्या बांधत राहिलो. नंतर जुन्या गाड्या मिळेनाशा झाल्या, ज्यांना हौस होती ते थकले, गिरणीचा भोंगाही बंद पडला. कानडी मुलखातल्या त्या रस्त्यावर मी पुन्हा कधी गेलो नाही. अवघड काय होतं, एसटीनंसुद्धा जाता आलं असतं. पण चालवत जायचं होतं. गड्ड्यात अजून जातो. विहिरीच्या वरच्या काठावर उभा राहतो, फळ्या पायाखाली थरथरतात, आवाज जवळ येतो आणि लांब जातो, पुन्हा जवळ येतो. शेजारची पोरं शिट्ट्या मारतात. मला मात्र तो एकच आवाज पुन्हा ऐकायचा असतो, जो गेला आणि परत आला नाही.

हँडल शेडमध्ये खिळ्याला आहे. काजळाच्या दिव्याचा तो वास आला त्या दिवशी शेवटी मी पेपर ठेवला, परसात गेलो आणि ते खाली काढलं. दोन्ही मुठी धरल्या. माझे हात त्याच्यावर नीट बसत नाहीत, उजवा मागं जातो, डावा पुढं ताणतो. जरा वेळ धरून राहिलं की मान आपोआप उजवीकडे वर उचलली जाते.

गिरजा दारात येऊन उभी राहिली. आता तिचीही कंबर वाकलीय. म्हणाली, “कुटं निगालाव?”

मी म्हणालो, “सरळ.”

“मग भाकरी खाऊन जावा की,” ती म्हणाली, आणि मी हँडल परत खिळ्याला अडकवलं.